महादेव विश्वनाथ धुरंधर : चित्रकार आणि लुगड्यांचा प्रदेश

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे तेथील प्राचार्य होते. १८९५ मध्ये धुरंधरांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि पुढील वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक झाले. संस्थेशी त्यांचा संबंध १९३१ पर्यंत टिकला. या काळाच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी ग्रंथात लिहिल्या आहेत.

त्यांची कीर्ती मुख्यतः तैलचित्रांवर उभी असली, तरी त्यांचे खरे सामर्थ्य छापील चित्रांत दिसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जपानमधील एदो, म्हणजे आजच्या तोक्यो शहरात, उतामारोसारख्या चित्रकारांच्या सुंदर स्त्रियांच्या चित्रांचे ठसे लाकडावर कोरले जात आणि ती चित्रे सामान्य माणसाला परवडतील अशा दरात विकली जात. काही चित्रांत त्या स्त्रियांसोबत त्या त्या गावची प्रसिद्ध वस्तूही दाखवलेली असे. आपल्याकडे हे काम काहीशा वेगळ्या रीतीने धुरंधरांच्या रंगीत पोस्टकार्डांनी व ग्रंथचित्रांनी केले. मात्र येथे गावाची ओळख वस्तूवरून नव्हे, तर वस्त्रावरून पटते.

ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या भारतीय स्त्रियांविषयीच्या इंग्रजी ग्रंथासाठी (१९२०) त्यांनी नायर, खोजा, बोहरा, भिल्ल अशा अनेक समाजांतील स्त्रिया रंगविल्या. काष्टा कोठे खोचला आहे, निऱ्या किती उंचीवर थांबतात, पदर कोणत्या खांद्यावरून येतो, हे सारे त्यांनी नेमकेपणाने टिपले. शब्दकोश ‘काष्टा’ या शब्दाचा अर्थ सांगतो; पण त्याचे प्रांतोप्रांतीचे, जातीजातींतील भेद सांगू शकत नाही. उलवे-पनवेल परिसरातील विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील वयस्क आगरी वा कोळी स्त्रीला अशी चित्रे दाखवून पाहावीत. कोणते नेसणे कोणाचे, हे ती बहुधा क्षणात ओळखेल.

या चित्रांची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. वसाहतकाळातील राज्यकर्त्यांना प्रजेची जातवार वर्गवारी हवी होती आणि अशा ग्रंथांतील स्त्रीला नाव नसते, केवळ जात व प्रदेश असतो. धुरंधरांनी ही चौकट मोडली नाही. तरीही त्यांच्या स्त्रिया नमुना म्हणून उभ्या केल्यासारख्या वाटत नाहीत. त्या कोठेतरी निघालेल्या असतात, हातात काम असते, नजर दुसरीकडे असते. सी. ए. किंकेड यांनी इंग्रजीत आणलेल्या आपल्या व्रतकहाण्यांच्या पुस्तकासाठी (१९१४) त्यांनी काढलेल्या चित्रांतही घरगुती वातावरणाची ही जाण आढळते.

सरकारने त्यांना रावबहादुर किताब दिला. निवृत्तीपूर्वी काही काळ त्यांनी कलाशाळेच्या संचालकपदाची धुराही सांभाळली.

त्यांची कन्या अंबिका (१९१२–२००९) हिने त्याच शाळेतून चित्रकलेची पदविका मिळविली. ज्यांच्या घरातून मुलींना कुंचला मिळणे दुर्मीळ होते, अशा काळात वडिलांनी तिला शिकविले व आपल्यासोबत कामाला घेतले. १ जून १९४४ रोजी धुरंधरांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचा चित्रसंग्रह दीर्घकाळ जपला तो याच कन्येने.