चवदार तळ्याचा दावा आणि बाबासाहेब

विद्यार्थी मित्रांनो, डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्याला राज्यघटना आठवते. पण घटना लिहिण्याच्या आधी वीस वर्षे बाबासाहेब एका दिवाणी दाव्यात प्रतिवादी होते, आणि तो दावा तब्बल नऊ-दहा वर्षे चालला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. या अंकात आम्ही त्यांचे चरित्र त्या दाव्याच्या अनुषंगाने सांगत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी इंदूरजवळच्या महू या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे. शाळेचा शिपाई वरून पाणी ओतील तेव्हाच प्यायचे, शिपाई नसला तर तहान तशीच सोसायची. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले.

येथे आपल्या बडोद्याचा संबंध येतो. महाराज सयाजीराव गायकवाडांनी 1913 साली त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. त्या बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा करार होता. कोलंबिया विद्यापीठात शिकून ते लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली करार पाळण्यासाठी बडोद्यास आले. पण कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबूनच टाकीत. शहरात राहायला कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत ते कसेबसे अकरा दिवस राहिले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून होते. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. महाराजांची इच्छा चांगली होती, पगार ठरलेला होता, करारही होता. पण तो माणूस नोकरी करू शकेल अशी परिस्थिती नव्हती. आणि या अन्यायाची दाद मागावी असे एकही न्यायालय नव्हते.

बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, 1922 साली बॅरिस्टर झाले आणि 1923 साली मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेनेही जानेवारी 1924 मध्ये आपल्या गावचे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव वहीत लिहिला गेला, पण तळ्यावर जाण्याचे धाडस कोणी केले नाही. अशी तीन वर्षे गेली.

20 मार्च 1927 रोजी महाडच्या परिषदेस जमलेले लोक बाबासाहेबांच्या मागे रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर देवळात शिरण्याचा बेत आहे अशी अफवा उठली आणि परिषदेच्या लोकांना मारहाण झाली. तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठरावही रद्द केला.

बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. तेव्हा महाडमधील काही स्पृश्य मंडळींनी 12 डिसेंबर रोजी दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे स्पृश्यांच्या खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची वहिवाट पूर्वापार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोन दिवसांत न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

येथे बाबासाहेबांची खरी कसोटी लागली. हजारो माणसे पदरमोड करून महाडला आली होती, तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी होती. हुकूम मोडावा असे अनेकांचे मत होते. पण मालकीचा प्रश्न न्यायालयापुढे गेला आहे, तर तो तेथेच लढवावा, असे बाबासाहेबांनी लोकांना पटवले. सत्याग्रह तहकूब झाला. लोकांनी तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता ते परत फिरले. पाणी समोर असताना परत फिरणे किती जड गेले असेल, याची कल्पना आपण करावी.

मनाई हुकूम फेब्रुवारी 1928 मध्ये उठला, पण मूळ दावा चालूच राहिला. 1931 साली महाडच्या न्यायालयाने तो फेटाळला. वादी ठाण्यास अपिलात गेले, तेथे 1933 साली हरले. मग ते उच्च न्यायालयात गेले. 17 मार्च 1937 रोजी न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी अंतिम निकाल दिला. हे ब्रूमफील्ड म्हणजे 1922 साली अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश होत.

निकालाचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. तळ्याची जागा खाजगी नसून नगरपालिकेकडे आहे, हे खालच्या न्यायालयांतच ठरले होते. उरला प्रश्न वहिवाटीचा. एखाद्या रूढीला कायद्याचे बळ यावयाचे तर ती स्मरणापलीकडच्या काळापासून चालत आली आहे हे सिद्ध करावे लागते, आणि ते सिद्ध करण्याचे ओझे तिचा आधार घेणाऱ्यावर असते. पूर्वीपासून असेच चालत आले आहे, एवढे नुसते म्हणून भागत नाही. वादींना ते सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले.

मात्र अस्पृश्यता अन्यायाची आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. तसे म्हणण्याची वेळच आली नाही. पुरावा भक्कम असता तर काय झाले असते? हा धोका बाबासाहेबांनी ओळखला असावा, असे आम्हाला वाटते. एकेका तळ्यासाठी दहा दहा वर्षे भांडत बसणे कोणाला परवडणार होते? कायदाच बदलायला हवा होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कुळांनी जमीन कसावी आणि खोताने मन मानेल तसे वसूल करावे, ही पद्धत त्यांना मोडायची होती. ते विधेयक संमत झाले नाही, खोती कायद्याने गेली ती 1949 साली. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. नंतर घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. 26 जानेवारी 1950 रोजी अंमलात आलेल्या घटनेचे 15 वे कलम पाहा. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या किंवा जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांच्या वापरास जातीच्या कारणावरून कोणालाही मनाई करता येणार नाही, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. 17 व्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले.

महाडच्या नगरपालिकेचा ठराव चांगला होता, पण तीन वर्षे तो वहीतच राहिला. शाळा, संस्था, सोसायटी चालवणाऱ्या आम्हा सर्वांनाच हे लागू आहे. आपल्या वहीतले किती ठराव प्रत्यक्षात आले, हे वर्षातून एकदा तरी पडताळून पाहावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, शाळेतल्या नळावर पाणी पिताना मागे उभ्या असलेल्या मुलाला जागा द्या, त्याचे आडनाव विचारू नका.