राजर्षी शाहू छत्रपती आणि चावडीवरील हजेरी

करवीराधिपती श्री शाहू छत्रपती महाराजांचे नाव घेताच त्यांची वसतिगृहे, सक्तीचे शिक्षण व राधानगरीचे धरण ही कार्ये आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु गुन्हेगार म्हणून ज्यांच्यावर जन्मतःच शिक्का मारला गेला होता, त्यांच्यासाठी महाराजांनी काय केले, हे फारसे सांगितले जात नाही. तेच येथे संक्षेपाने सांगण्याचे योजिले आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे जन्मनाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले व २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. खेड्यापाड्यांतून व रानावनांतून हिंडण्याची त्यांना मोठी आवड. त्यामुळे दरबारी कागदांत न दिसणारी प्रजा त्यांना प्रत्यक्ष दिसली.

त्या काळी इंग्रज सरकारचे धोरण असे होते की, काही जाती गुन्ह्याचा धंदा वंशपरंपरेने चालवितात. १८७१ साली तसा कायदाच झाला व पुढे १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. अशा लोकांची नोंद करावी, त्यांच्या हालचालींवर नजर ठेवावी, प्रसंगी त्यांना कुंपणाच्या आत वसवावे, अशी ही व्यवस्था. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड इत्यादी जातींच्या लोकांना गावच्या चावडीवर हजेरी द्यावी लागे. अपराध केलेला असो वा नसो, हजेरी चुकत नसे. परगावी मजुरी मिळत असली तरी जाता येत नसे. लेकीच्या घरी आजारपण आले तरी आधी परवानगी मिळवावी लागे.

वाचकहो, या व्यवस्थेतील दोष सूक्ष्म विचार केल्यास सहज ध्यानी येतो. ज्या हजेरीने चोरी थांबावी, तीच हजेरी माणसाला प्रामाणिक कामापासून दूर ठेवीत असे. काम नाही म्हणून उपासमार, उपासमारीतून अपराध आणि अपराधामुळे पुन्हा अधिक कडक हजेरी, असे हे दुष्टचक्र होते. वर्गात एखाद्याची पाटी हरवली की ज्या मुलाकडे सर्वांच्या नजरा वळतात, तो मूळचा निर्दोष असला तरी हळूहळू कोडगा होतो. मग सबंध जातीकडेच पिढ्यान्‌पिढ्या तशा नजरेने पाहिले गेले, तर तिचे काय होईल?

महाराजांनी हे चक्र तोडले. १९१८ साली त्यांनी आपल्या संस्थानात या जातींवरील हजेरीची पद्धत बंद केली. त्याच वर्षी महार वतनाची जुनी पद्धत मोडून, तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात सबंध कुटुंबाला राबविणारी गुलामगिरीही त्यांनी दूर केली. फासेपारध्यांच्या बाबतीत तर ते एक पाऊल पुढे गेले. फासे लावून पशुपक्षी धरणारे हे लोक रानावनांत भटकत. त्यांना पाहताच गावकरी भयभीत होत. महाराजांनी त्यांना जवळ बोलावले, त्यांच्या अन्नाची व निवाऱ्याची तजवीज केली आणि त्यांना आपल्या नोकरीत घेऊन पहाऱ्याचे काम दिले. ज्यांच्यापासून घर सांभाळावे असे लोक म्हणत, त्यांच्याच हाती महाराजांनी घर सांभाळण्याचे काम सोपविले!

अपराध्यास शिक्षा होऊ नये, असे महाराजांचे मत होते असे कोणी समजू नये. ते न्यायासनावर बसणारे राजे होते. परंतु शिक्षा अपराधाला असावी, जन्माला नसावी, हे तत्त्व त्यांनी आचरणात आणले. गुन्हा घडण्यापूर्वीच त्याचे मूळ उपटावे, हाही त्यांचा प्रयत्न होता. १९०१ पासून उभी राहिलेली वसतिगृहे व १९१७ साली केलेला मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा यांकडे या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. शाळेची हजेरी वाढली, तर चावडीच्या हजेरीची गरजच उरत नाही.

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे महाराजांचे देहावसान झाले. वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे. त्यांच्या राज्याबाहेर तो जुना कायदा पुढेही चालू राहिला. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो रद्द झाला. म्हणजे महाराजांनी हजेरी बंद केल्यानंतर तब्बल चौतीस वर्षांनी. कायदा गेला, परंतु संशय गेला काय? आजही गावात चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालांकडे बोट दाखविले जाते, हे आपण जाणतोच.

राजाज्ञेने हजेरी बंद करता येते. मनातील हजेरी मात्र ज्याची त्यानेच बंद करावी लागते. आपल्या घरातील मुलाबाळांना महाराजांचे चरित्र सांगताना हा प्रसंगही अवश्य सांगावा. दारी काम मागावयास आलेल्या माणसाची जात न विचारता त्याचे काम पाहावे, एवढे जरी आपल्या हातून घडले, तरी त्या थोर राजाच्या स्मृतीस खरे अभिवादन केल्यासारखे होईल.