डॉ. रॉजर आल्टूनियन : दम्याशी झुंजलेला दमेकरी

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. प्रथम जी नावे सुचली ती मागील अंकांतून येऊन गेलेली होती. मग मनात आले की, उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल, अशा आपल्या मिरा-भाईंदरच्या मुलखात रात्र रात्र बसून काढणारा दमेकरी ज्याने पाहिला नाही असा ज्ञातिबांधव विरळा. तेव्हा त्या व्याधीवर नवे औषध शोधणाऱ्या आणि स्वतःही त्याच व्याधीने पिडलेल्या एका वैद्याची हकीकत सांगणे अस्थानी होणार नाही. हे गृहस्थ ना आपल्या ज्ञातीचे, ना आपल्या देशाचे. पण श्वास हा सर्वांचा एकच.

रॉजर आल्टूनियन यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९२२ रोजी सीरिया देशातील अलेप्पो नगरीत झाला. घराणे आर्मेनियन. आजोबांनी तेथे रुग्णालय स्थापिले होते व वडील डॉ. अर्नेस्ट हेही वैद्यच. मातोश्री डोरा या इंग्लंडच्या, कॉनिस्टन सरोवराकाठच्या कॉलिंगवुड घराण्यातील. चार बहिणींत हा एकुलता भाऊ. आजोळी ही मुले होडी चालविण्यास शिकली, आणि आर्थर रॅन्सम या लेखकाने १९३० साली प्रसिद्ध केलेल्या बालकादंबरीत याच भावंडांवरून पात्रे रेखाटली. त्यातील धाकट्या खलाशाचे नाव रॉजर असेच आहे. इंग्रजी मुलांच्या कित्येक पिढ्या त्यांना या नावाने ओळखतात. त्यांच्या औषधाची मात्र बहुतेकांस वार्ता नाही. कीर्तीची तऱ्हा अशीच असते.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश विमानदलात वैमानिक व पुढे उड्डाणशिक्षक झाले आणि त्या कामगिरीबद्दल त्यांस पदकही मिळाले. युद्धानंतर केंब्रिज व लंडन येथे वैद्यकीचे शिक्षण पूर्ण करून ते अलेप्पोस परतले. परंतु १९५६ साली त्यांस सीरिया सोडून पुन्हा इंग्लंड गाठावे लागले. तेथे ते औषधे तयार करणाऱ्या एका कंपनीच्या संशोधन विभागात रुजू झाले.

आता थोडे व्याधीविषयी. दम्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतील अस्तर सुजते व चिकट कफ साठतो. त्यामुळे आत घेतलेला वारा बाहेर सोडताना जीव मेटाकुटीस येतो. हे आवळलेले स्नायू सैल करणे हाच जुन्या उपचारांचा रोख. आपल्याकडे धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढीत, तो याच कारणाने लागू पडे. १८०२ साली मद्रासेहून हा उपाय इंग्लंडातही पोहोचला होता. धोतरा विषारी आहे, हे येथे सांगून ठेवणे अवश्य. पूर्व भूमध्य प्रदेशात खेल्ला नावाची एक रानवनस्पती अशीच प्रसिद्ध होती. तिच्यातील खेलिन हे द्रव्य स्नायू सैल करते, पण ते घेतल्याने मळमळ फार होते. तो दोष टाळून गुण तेवढा राखणारे द्रव्य बनवावे, या हेतूने कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ खेलिनशी साम्य असलेली नवनवी द्रव्ये तयार करू लागले.

ही द्रव्ये तपासावयाची कशी? रीत अशी की, ती जनावरांवर अजमावून पाहावी. परंतु जनावराचा दमा हा माणसाचा दमा नव्हे, असे आल्टूनियन यांचे मत होते. त्यांस स्वतःस गिनीपिगच्या केसांनी दमा उठे. तेव्हा त्यांनी त्या केसांचा अर्क काढला, तो स्वतःच हुंगून दमा उठवावयाचा, आणि तत्पूर्वी एखादे नवे द्रव्य घेऊन श्वास किती राहतो ते यंत्राने मोजावयाचे, असा क्रम सुरू केला. असे एकदोनदा नव्हे, शेकडो वेळा केले. सुमारे आठ वर्षे हे चालले होते. आम्ही स्वतः दमेकरी नाही; परंतु आमच्या वडिलांस मध्यरात्री खिडकीच्या गजास धरून उभे राहिलेले आम्ही लहानपणी पाहिले आहे. तो प्रसंग जाणूनबुजून ओढवून घेणारा मनुष्य कोणत्या धातूचा असेल, हे आम्हांस अजून उमगत नाही. कोणीही घरी असले धाडस करू नये, हे वेगळे सांगावयास नको.

यातून निष्पन्न झाले ते अपेक्षेहून निराळेच. काही द्रव्ये स्नायू मुळीच सैल करीत नसत, पण आधी घेतली असता दमा उठतच नसे. केवळ स्नायूंवर परीक्षा घेतली असती तर ती निरुपयोगी म्हणून फेकली गेली असती. १९६५ साली त्यांतील उत्तम द्रव्य हाती आले; त्याचे नाव सोडियम क्रोमोग्लायकेट. श्वासमार्गातील विशिष्ट पेशी चेतविल्या गेल्या म्हणजे दाह उत्पन्न करणारी रसायने सोडतात, ती सुटू न देणे हे याचे कार्य, असे तेव्हा मानले गेले.

अडचण एकच. हे औषध पोटातून अंगी लागत नसे, म्हणून त्याची भुकटी थेट छातीत पोहोचविणे भाग होते. येथे वैमानिक कामास आला. विमानाच्या पंख्यासारखा इवलासा पंखा नळीत बसविला. रोग्याने श्वास ओढला की तो गरगर फिरे व कुपीतील भुकटी उधळून आत जाई. डॉ. हॉवेल यांच्यासह केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९६७ साली लॅन्सेट नियतकालिकात आले व लवकरच औषध बाजारात आले.

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उठलेला दमा ते शमवीत नाही. ते दिवसातून अनेकदा नेमाने घ्यावे लागते. सॅल्ब्युटामॉल १९६९ साली आले, ते स्नायू त्वरित सैल करते. हुंगावयाची स्टेरॉइड औषधे १९७२ पासून आली, ती दाह आवरतात. यांपुढे दम्यासाठी क्रोमोग्लायकेट मागे पडले. डोळ्यांच्या व नाकाच्या ॲलर्जीवर मात्र ते अद्याप वापरात आहे.

आमच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. डॉक्टरांनी दिलेला पंप तिची आई डब्याच्या पिशवीत तळाशी, फडक्यात गुंडाळून ठेवी. कोणी पाहिले तर पुढे स्थळ येणार नाही, हे भय. एकदा सहलीत मुलीस धाप लागली आणि पिशवी बसमध्ये राहून गेली होती. आम्ही धावत जाऊन ती आणली; पण तेवढ्या काही मिनिटांत तिचे ओठ निळसर झालेले आम्ही पाहिले. ती वाचली. आजही आपल्या वधूवर मेळाव्यांच्या अर्जांत ही गोष्ट लपविली जाते, हे आम्ही जाणून आहोत. आल्टूनियन यांनी मात्र आपला दमा चारचौघांत सांगितला, इतकेच नव्हे तर तो मोजून कागदावर मांडला.

पासष्टावे वर्ष पूर्ण होऊन थोडे दिवस लोटले असता, १० डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा दमा अखेरपर्यंत समूळ गेला नव्हता.