दोन तिजोऱ्या, एक व्यवस्थापक

फुटबॉलचा हंगाम संपला, की खरा मोठा व्यवस्थापक कोणता, यावर इंग्लंडमध्ये हमखास वाद रंगतो. गुणतक्ता पाहिला तर श्रीमंत क्लबचा व्यवस्थापक सरस ठरतो. खर्चाचा हिशेब मांडला तर तुटपुंज्या पैशांत संघ उभा करणारा. दोघांच्या तिजोऱ्या वेगळ्या असल्याने तुलना अडते ती तिथेच. हर्बर्ट चॅपमन यांनी मात्र ही दोन्ही टोके एकाच आयुष्यात गाठली. लोकरीच्या गिरण्यांच्या हडर्सफील्डला त्यांनी दोनदा लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि लंडनच्या धनाढ्य आर्सेनललाही दोनदाच. त्यामुळे या वादाची तड लावायची, तर त्यांच्या जीवनपटाइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

चॅपमन यांचा जन्म १९ जानेवारी १८७८ रोजी शेफील्डजवळच्या किव्हटन पार्क या कोळसा खाणींच्या गावी झाला. वडील खाणकामगार होते. हर्बर्ट यांनी मात्र शेफील्डला खाण अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. खेळाडू म्हणून ते सामान्यच होते. अनेक क्लब त्यांनी बदलले, पण कुठेही विशेष ठसा उमटवला नाही. १९०७ मध्ये सदर्न लीगमध्ये तळाला गेलेल्या नॉर्थम्प्टनने त्यांच्याकडे संघाची सूत्रे दिली आणि दोनच वर्षांत, १९०८-०९ च्या हंगामात, हा क्लब त्या लीगचा विजेता ठरला. त्या काळी संघनिवड बहुधा संचालक मंडळ करीत असे. डावपेच आखण्याची फारशी पद्धत नव्हती. सामन्यापूर्वी खेळाडूंना एकत्र बसवून खेळाची आखणी करणे, हेच चॅपमन यांचे वेगळेपण होते.

१९१२ मध्ये ते दुसऱ्या श्रेणीतील लीड्स सिटीत गेले. तेथे संघ वर सरकत असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि चॅपमन दारूगोळ्याच्या कारखान्यात व्यवस्थापक म्हणून रुजू झाले. युद्धकाळात क्लबने खेळाडूंना बेकायदा पैसे दिल्याचा आरोप झाला. हिशेबाच्या वह्या देण्यास क्लबने नकार दिल्यामुळे ऑक्टोबर १९१९ मध्ये लीड्स सिटीला लीगमधून हाकलण्यात आले. खेळाडूंचा एका हॉटेलात चक्क लिलाव झाला. चॅपमन यांच्यावरही बंदी आली. आरोपाच्या काळात ते कारखान्यात होते, हा युक्तिवाद पुढे मान्य झाला आणि बंदी उठली. परंतु फुटबॉलमधील पैशांची ही काळी बाजू त्यांनी अगदी जवळून पाहिली होती.

१९२१ मध्ये त्यांना संधी देणारे हडर्सफील्ड स्वतःच नुकतेच संकटातून सावरले होते. या शहराचे पहिले प्रेम रग्बी लीग. फुटबॉलला प्रेक्षक कमी पडत. १९१९ मध्ये तर हा क्लब लीड्सला हलवण्याचे घाटत होते, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो वाचवला. चॅपमन यांनी ॲस्टन व्हिलाकडून क्लेम स्टीफन्सन हा तिशी गाठलेला अनुभवी खेळाडू आणला, त्याच्या भोवती तरुणांची फळी उभारली आणि बचाव भक्कम केला. १९२२ मध्ये एफए कप आला. १९२३-२४ मध्ये हडर्सफील्ड आणि कार्डिफ यांचे गुण समसमान, म्हणजे ५७, झाले आणि केलेल्या व स्वीकारलेल्या गोलांच्या सरासरीतील केसाएवढ्या फरकाने हडर्सफील्ड विजेते ठरले. शेवटच्या दिवशी कार्डिफने पेनल्टी दवडली नसती, तर इतिहास वेगळा असता. पुढच्या हंगामात मात्र नशिबाचा प्रश्नच उरला नाही. ४२ सामन्यांत केवळ २८ गोल स्वीकारून हडर्सफील्डने विजेतेपद राखले.

या यशाला व्यवस्थेचाही हातभार होता, हे विसरता कामा नये. त्या काळी खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा होती. हंगामात आठवड्याला आठ पौंडांहून अधिक वेतन कोणताच क्लब देऊ शकत नसे. साहजिकच केवळ पगाराच्या आमिषाने छोट्या क्लबचे खेळाडू पळवणे मोठ्या क्लबना कठीण होते. विषमता होती ती प्रामुख्याने खेळाडूंच्या खरेदीत. ही वेतनमर्यादा १९६१ मध्ये उठली. आजच्या छोट्या क्लबची हडर्सफील्डशी तुलना करताना हा फरक ध्यानात घ्यावाच लागतो.

१९२५ मध्ये आर्सेनलने व्यवस्थापकासाठी जाहिरात दिली. भरमसाट किमतीला खेळाडू विकत घेण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी अर्ज करू नये, अशी त्यात अट होती. अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यांनी निवड केली ती चॅपमन यांची. पण ही अट फार काळ टिकली नाही. सुरुवात चार्ली बुकनपासून झाली. संडरलंडला दोन हजार पौंड रोख आणि पहिल्या हंगामातील प्रत्येक गोलामागे शंभर पौंड, असा सौदा ठरला. बुकनने २१ गोल केले आणि हिशेब चार हजारांच्या वर गेला. १९२८ मध्ये बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठी दहा हजार पौंडांचा उंबरठा प्रथमच ओलांडला गेला. पुढच्या वर्षी ॲलेक्स जेम्ससाठी ८,७५० पौंड मोजण्यात आले. पैशांच्या बळावर संघ उभारल्याची टीका तेव्हापासून आर्सेनलच्या मागे लागली.

टीका निराधार नव्हती. पण अपुरी होती. याच संघाचा मधला बचावपटू हर्बी रॉबर्ट्स ऑस्वेस्ट्रीहून अवघ्या दोनशे पौंडांत आला होता. एडी हॅपगुड केटरिंगसारख्या लीगबाहेरच्या क्लबकडून आणला होता, तर क्लिफ बॅस्टिन हा एक्सेटरचा १७ वर्षांचा पोरगा होता. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला, तेव्हा गोलांचा पाऊस पडू लागला. न्यूकॅसलकडून ७-० असा मार खाल्ल्यावर बुकनची सूचना मान्य करून चॅपमन यांनी मधल्या खेळाडूला बचावफळीत खेचले. यातूनच पुढे ‘डब्ल्यूएम’ या नावाने गाजलेली व्यूहरचना आकाराला आली. महागडा जेम्स आणि दोनशे पौंडांचा रॉबर्ट्स या रचनेत सारखेच महत्त्वाचे होते.

१९३० चा एफए कप अंतिम सामना म्हणजे चॅपमन यांच्या दोन संसारांची गाठ होती. वेम्बलीवर आर्सेनल आणि हडर्सफील्ड समोरासमोर आले. त्यांच्या सन्मानार्थ दोन्ही संघ प्रथमच बरोबरीने मैदानात उतरले. आर्सेनलने २-० असा विजय मिळवला. त्यानंतर १९३०-३१ मध्ये ६६ गुणांसह आर्सेनलने लीग जिंकली आणि लंडनला पहिल्यांदाच हा मान मिळाला. अफाट लोकसंख्या आणि भरलेली मैदाने लंडनकडे आधीपासून होतीच. तरीही लीग सुरू झाल्यापासून चार दशकांहून अधिक काळ विजेतेपद तिकडे फिरकले नव्हते. पैसा हाती असणे आणि तो कुठे लावायचा हे कळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट होते.

पैशांची मर्यादाही चॅपमन यांना अनुभवावी लागली. जानेवारी १९३३ मध्ये तिसऱ्या श्रेणीतील वॉल्सॉलने एफए कपमध्ये आर्सेनलला २-० असे नमवले. आजारपण आणि दुखापतींमुळे बदली खेळाडू उतरवण्याचा निर्णय त्यांच्या अंगलट आला. मात्र त्याच हंगामात लीगचे विजेतेपद आर्सेनलने पटकावले.

वर्षभरातच सारे संपले. जानेवारी १९३४ च्या पहिल्या आठवड्यात सर्दीने बेजार असतानाही ते कडाक्याच्या थंडीत सामने पाहत फिरले. त्यातला एक तर क्लबच्या तिसऱ्या संघाचा होता. न्यूमोनियाने गाठले आणि ६ जानेवारीला, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. तेव्हा आर्सेनल गुणतक्त्यात अव्वल होते.

त्यांच्या पश्चात आर्सेनलने १९३४ आणि १९३५ मध्येही लीग जिंकून विजेतेपदाची हॅट्ट्रिक साधली. त्याआधी अशी हॅट्ट्रिक एकाच क्लबच्या नावावर होती. तो क्लब अर्थातच हडर्सफील्ड. चॅपमन निघून गेल्यानंतर त्यांनी तिसरे विजेतेपद मिळवले होते. दोन्ही ठिकाणी पाया चॅपमन यांनी घातला आणि कळस इतरांनी चढवला. पुढे मात्र तिजोरीने आपला प्रभाव दाखवलाच. हडर्सफील्डला पुन्हा कधी लीग जिंकता आली नाही आणि १९५२ मध्ये हा क्लब पहिल्या श्रेणीतूनही घसरला. आर्सेनल बड्या क्लबांच्या पंक्तीत कायम राहिले. व्यवस्थापक क्लबला शिखरावर नेऊ शकतो, पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकवण्यासाठी पैसा लागतो, हा या दोन कहाण्यांचा अर्थ. म्हणूनच व्यवस्थापकाला जोखताना केवळ करंडक मोजू नयेत आणि केवळ खर्चही मोजू नये. त्याच्या हाती काय आले होते आणि जाताना तो मागे काय ठेवून गेला, हे पाहावे. या कसोटीवर चॅपमन यांचे हडर्सफील्ड आणि आर्सेनल ही दोन्ही खाती जमेचीच ठरतात.