लुई ब्रेल : सहा ठिपके आणि पंचवीस वर्षांची वाट



दरवर्षी ४ जानेवारीला आपण शाळेत ब्रेल दिन साजरा करतो. परिपाठात लुई ब्रेल यांची माहिती सांगतो. लहानपणी डोळे गेले, मोठेपणी लिपी शोधली, एवढ्यावर गोष्ट संपते. पण लिपी शोधल्यावर ती मुलांच्या हातात पडायला किती वर्षं गेली, हा भाग बहुतेक वेळा राहून जातो. आज तोच जरा सविस्तर पाहू.

बालपण

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधल्या कुपव्रे या गावी झाला. पॅरिसपासून हे गाव फार लांब नाही. वडील घोड्यांची खोगिरं आणि चामड्याचं सामान बनवायचे. तीन वर्षांचा लुई एकदा वडिलांच्या कामाच्या जागी खेळत होता. चामड्याला भोक पाडायचा प्रयत्न करताना आरी निसटली आणि डोळ्यात घुसली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला. पाच वर्षांचा होईपर्यंत लुईला दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसेनासं झालं.

त्या काळात अशा मुलांच्या नशिबी बहुतेक वेळा भीक मागणंच असायचं. लुईच्या आईवडिलांनी मात्र त्याला घरात बसवून ठेवलं नाही. गावच्या पाद्रींनी त्याला शिकवायला सुरुवात केली आणि गावातल्या शाळामास्तरांनी इतर मुलांबरोबर वर्गात बसवलं. समावेशित शिक्षण हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता. लुई नुसतं ऐकून शिकायचा आणि वर्गात पुढे असायचा. पण वाचन-लेखन सुरू झालं की हातावर हात ठेवून बसण्यापलीकडे त्याला काही करता यायचं नाही.

पॅरिसची शाळा

१८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, लुईला पॅरिसच्या अंध मुलांच्या राजकीय संस्थेत शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. व्हॅलेंटाईन हाऊई यांनी सुरू केलेली ही शाळा तेव्हा सरकारी खर्चाने चालत होती. ही सोय नसती तर खोगीर बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा पॅरिसला शिकायला गेलाच नसता.

पण शाळेची अवस्था वाईट होती. इमारत जुनी, अंधारी आणि ओलसर होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तिचा तुरुंग म्हणूनही वापर झाला होता. पुस्तकं अगदी मोजकी होती. त्यात नेहमीचीच अक्षरं कागदावर मोठी उठावदार करून छापलेली असत. एकेक अक्षर बोटाने चाचपत वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. शिवाय त्या अक्षरांत मुलांना स्वतःला लिहिता येत नसे.

सहा ठिपके

१८२१ मध्ये चार्ल्स बार्बिये या माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. तिच्यात बारा ठिपके होते आणि ती उच्चारांवर आधारलेली होती. ठिपके बोटाला पटकन कळतात हे लुईच्या ध्यानात आलं. पण बारा ठिपके एका वेळी बोटाखाली मावत नव्हते, शिवाय शुद्धलेखन आणि विरामचिन्हांची सोय नव्हती. सुट्टीत, रात्री, वेळ मिळेल तेव्हा तो कागदावर टोचत बसायचा. १८२४ पर्यंत, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा ठिपक्यांची मांडणी बसवली. या सहा ठिपक्यांपासून ६३ वेगवेगळ्या खुणा तयार होतात. त्यांत अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि संगीतसुद्धा लिहिता येतं.

१८२९ मध्ये या लिपीची माहिती देणारं त्यांचं पुस्तक निघालं. तोपर्यंत ते त्याच शाळेत शिकवू लागले होते. पुढे ते चर्चमध्ये ऑर्गनही वाजवत.

मान्यतेची वाट

आता खरं तर सगळं सोपं व्हायला हवं होतं. लिपी तयार होती, मुलं ती भराभर शिकत होती, मुख्याध्यापक पिन्ये यांचाही पाठिंबा होता. पण लिपीला सरकारी मान्यता नव्हती. डोळस माणसांना वाचता येणार नाही अशी लिपी कशाला, असं अनेकांना वाटायचं.

दरम्यान १८३८ मध्ये कवी आणि लोकप्रतिनिधी लामार्तिन यांनी फ्रान्सच्या संसदेत या शाळेच्या इमारतीचा प्रश्न मांडला. मुलं कशा जागेत राहतात ते त्यांनी सांगितलं आणि नव्या इमारतीसाठी पैसे मंजूर झाले. ब्रेल यांना मात्र त्याआधीच क्षयाने गाठलं होतं.

१८४० मध्ये पिन्ये यांना जावं लागलं आणि द्युफो हे नवे प्रमुख आले. त्यांनी ब्रेल लिपीचा वापर बंद केला. म्हणजे एकीकडे सरकार नवी इमारत बांधत होतं आणि दुसरीकडे ज्याच्यामुळे मुलं खरोखर लिहू-वाचू शकत होती, तेच शाळेत चालत नव्हतं! मुलं काय करणार? ती लपूनछपून ठिपके टोचत राहिली, मोठी मुलं लहानांना शिकवत राहिली.

शेवटी शाळेतलेच एक अधिकारी, गादे, यांना ही लिपी पटली आणि त्यांनी द्युफो यांचं मन वळवलं. २२ फेब्रुवारी १८४४ ला नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. त्या समारंभात पाहुण्यांसमोर मुलांनी ब्रेलमध्ये लिहून आणि वाचून दाखवलं. इमारत आणि लिपी, दोन्ही त्या दिवशी एकत्र आल्या.

६ जानेवारी १८५२ रोजी, ४३ व्या वर्षी, ब्रेल यांचं निधन झालं. १८५४ मध्ये फ्रान्सने या लिपीला अधिकृत मान्यता दिली. पुस्तक निघाल्यापासून पंचवीस वर्षांनी! ती पाहायला ते नव्हते. १९५२ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षं झाल्यावर, पॅरिसच्या पँथिऑनमध्ये राष्ट्रीय सन्मानाने त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. हात मात्र कुपव्रेतच आहेत.

आपल्यासाठी

भारतात १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल स्वीकारली गेली. आपली मराठी मुलं तीच शिकतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची नेहमीची शाळा किंवा विशेष शाळा, त्यांना निवडता येते. पुस्तकं आणि साहित्य मोफत द्यायचं आहे. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळही आहे. समग्र शिक्षामध्ये विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद आहे, मुलींना दहा महिने दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे.

कागदावर हे बरंच आहे. पण आपल्या वर्गातल्या मुलाचं प्रमाणपत्र काढलं आहे का? यूडायसमध्ये त्याची नोंद बरोबर आहे का? गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षकांना आपण स्वतःहून फोन केला का? आलेली ब्रेल पाटी मुलाच्या दप्तरात आहे की ऑफिसच्या कपाटात? पालकहो, तुम्हीही हे शाळेत येऊन विचारा. तो तुमचा हक्कच आहे.

लामार्तिन यांनी पैसे मिळवून दिले, पण लिपी मुलांपर्यंत पोहोचली ती शाळेतल्याच एका माणसाने ठरवलं म्हणून. शासनाने दिलेलं शेवटी आपल्याच हातून मुलापर्यंत जातं. आपल्या वर्गातल्या लुईला पंचवीस वर्षं थांबता येणार नाही. त्याच्याकडे शाळेची जेमतेम दहा-बारा वर्षं असतात.