नामदार गोखले : अर्थशास्त्राचे विद्यार्थी आणि अध्यापक

जयपूरसारख्या व्यापारी शहरात वाढणाऱ्या आपल्या मुलांना पैशाचे व्यवहार दिसतात पुष्कळ. त्यांमागील शास्त्र मात्र कुणीतरी उलगडून सांगावे लागते. बँकेत वा पेढीवर आयुष्य घालवलेले निवृत्त पालक वाणिज्याच्या वर्गात विनामूल्य शिकवू लागतात, तेव्हा मला नामदार गोपाळ कृष्ण गोखले आठवतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे 9 मे 1866 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले आणि थोरल्या बंधूंच्या तुटपुंज्या पगारावर त्यांचे शिक्षण झाले. 1884 मध्ये ते बी. ए. झाले आणि पुढील वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी आणि गणित शिकवले, पुढे इतिहास व अर्थशास्त्रही.

हे अर्थशास्त्र त्यांना केवळ पुस्तकांतून मिळाले नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांच्याकडून वर्षानुवर्षे सरकारी अहवालांचा कसून अभ्यास करून घेतला. दुसरे गुरू रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी. हे कोणी प्राध्यापक नव्हते, सोलापूरच्या सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. शाळा सांभाळून त्यांनी जमीन महसूल, रेल्वे आणि सरकारी खर्च यांच्या आकडेवारीवर प्रभुत्व मिळवले होते. सरकारी नोकरीत असल्याने सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातील त्यांचे लेख बहुधा निनावीच राहिले. एका मुख्याध्यापकाची ही कामगिरी चरित्रग्रंथांत दोन ओळींत उरकली जाते, याची खंत वाटते.

1897 मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या टिपणांमागे जोशींचे परिश्रम होते. भारताचा खर्च कोणाच्या हिताचा, हा प्रश्न त्यांनी तिशीच्या उंबरठ्यावर आकड्यांनिशी मांडला. मार्च 1902 मधील अर्थसंकल्पावरील पहिल्याच भाषणात त्यांनी दाखवून दिले की, सरकारी शिल्लक ही जनतेच्या संपन्नतेची खूण नव्हे. ती करांच्या ओझ्यातून साठलेली आहे. मिठावरील कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. 1903 मध्ये तो दोन रुपयांवर आला आणि 1907 पर्यंत एका रुपयावर. गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचलेले हे अर्थशास्त्र होते.

त्याच 1902 साली ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. वय अवघे छत्तीस! प्रकृती मधुमेहाने पोखरली होती, तरी अध्यापन सुटले नाही. 12 जून 1905 रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. तेथे येणाऱ्या तरुणांना व्यासपीठावर जाण्याची घाई करू दिली जात नसे; आधी अभ्यास, मग भाषण. 1911 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले आणि त्याच्या खर्चाचा हिशेबही पुढे ठेवला. पुढील वर्षी ते फेटाळले गेले.

19 फेब्रुवारी 1915 रोजी त्यांचे निधन झाले. पुढे 1930 मध्ये भारत सेवक समाजाच्याच आवारात, रावबहादूर काळे यांच्या देणगीतून, गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले.