दार लावून लिहिणारा माणूस

कॉलेजात ‘काजळमाया’ वाचली, तेव्हा जी. ए. कुलकर्णी हा माणूस तुसडा असणार, अशी माझी खात्रीच झाली. काळा चष्मा लावणारा, सभा-संमेलनं टाळणारा, १९७३चं साहित्य अकादमी पारितोषिक वाद उठताच परत करणारा!

जी.ए. जन्मले १९२३ साली, बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्यात. आईवडील लवकर गेले. पुढे धारवाडच्या कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. लग्न केलं नाही. मावसबहिणींना मात्र सांभाळलं. त्यांच्या कथांतली माणसं आयुष्याचा अर्थ शोधायला एकटीच निघतात आणि बहुधा त्यांची गाठ पडते ती नियतीशी.

१९८७ साली जी.ए. गेले. नंतर त्यांची पत्रं पुस्तकरूपानं आली. माझी आई गेल्यावरच्या रिकाम्या दुपारी मी ती उघडली. एकट्या सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचाच एक अख्खा खंड! तुसडा माणूस इतकं लिहील? त्यांना माणसं नको नव्हती, गर्दी नको होती. एवढं कळायला मला वीस वर्षं लागली.

पुस्तक मिटलं आणि आईच्या आजारपणापासून अबोला धरलेल्या धाकट्या भावाला मी पत्र लिहायला बसले.